कोटजाईची पायरी

“पोर इकडं द्या नि मग चढा,” होडीतला तांडेल दोन्ही हात पुढे करून म्हणाला.

मी सायलीला आणखी आवळून धरलं. गुडघाभर पाण्यात उभी होते आणि साडीचा भिजलेला घोळ पायांत येत होता. “तिला घेऊनच चढते मी.”

“पडाल बाई. स्वतः पडाल नि तिलाही पाडाल.”

“आण गं इकडे,” म्हणत मागून माझ्या नणंदेनं, इंदूवन्संनी, सायलीला काखेत हात घालून उचललंच. तांडेलानं त्यांना वर ओढलं. तेवढ्यात लाट आली आणि होडी हातभर मागे सरली. क्षणभर त्या दोघी होडीत आणि मी पाण्यात. एवढंच झालं. लगेच आमच्या ह्यांनी मलाही हात देऊन वर घेतलं. पण ती धास्ती बेट येईपर्यंत गेली नाही.

तशी ती धास्ती त्या आठवड्यातलीच होती. मी सांगलीकडची. बी.एस्सी. झाले आणि कोकणात पडले. माहेरी आमच्याकडे सगळे एकदम बोलायचे, कोणाचं कोणाला ऐकू जायचं नाही. सासरी माणसं बोलता बोलता थांबत. त्या आठवड्यात तर मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की सासूबाई आणि हे गप्पच होत. एकदा मात्र मी बाहेरच थबकले.

“दोन्ही मुलीच,” सासूबाई म्हणत होत्या. “धाकटीला अजून कळत नाही, तोवरच काय ते. कळायला लागली की मग कठीण.”

“हूं,” हे म्हणाले.

मी आत गेले तर सासूबाई विळीवर नारळ खवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “कपडे वाळले का बघ.”

इंदूवन्संच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. पणजीला मोठं घर, दारात आंबा-फणस आणि माणसं दोनच. माझी मुक्ता चार वर्षांची, सायली दीड वर्षाची. दोन आणि दोन चार मला जमत होते. पण मला कोणी काही विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर नाही म्हणून मोकळी झाले असते. न विचारलेल्याला नाही कसं म्हणायचं?

आणि मग एकाएकी वेळोंडे बेटाची टूम निघाली. वन्सं माहेरी आल्याच आहेत तर समुद्रातला किल्ला बघून येऊ, असं हे म्हणाले. शेजारी हळदीकुंकवाला धाडतानाही कुरकुरणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, “तू जायलाच हवंस. मुक्ताला ठेव माझ्यापाशी.”

“मग सायलीलाही ठेवते. एवढ्याशा पोरीला कशाला समुद्रातून...”

“छे छे, तिला न्यायलाच हवं,” असं म्हणून त्या जीभ चावल्यासारख्या थांबल्या. “म्हणजे, ती राहते का तुझ्याशिवाय?”

सायली त्यांच्यापाशी खुशाल राहायची. दिवसदिवस.

होडी बंदरातून बाहेर पडली तशी वारं लागलं. सायली वन्संच्या मांडीवरून माझ्याकडे झेपावली, मी तिला ओढूनच घेतली. तांडेलानं आमच्या पिशवीकडे पाहिलं. वर हिरवा खण आणि नारळ दिसत होता.

“कोटजाईचं काम काय?” त्यानं विचारलं.

“नाही हो, किल्ला बघायचाय,” हे घाईघाईनं म्हणाले. “हिनं पाहिला नाही कधी.”

“मग नारळ कोणाला? किल्ल्याला?” तांडेल हसला. यांनी त्याला वल्ह्याच्या लाकडाबद्दल काहीतरी विचारलं. वन्सं पाण्याकडे बघत होत्या, ओठ घट्ट मिटून.

मी विचारलं, “कोटजाई कोण?”

“देवी आहे गं तिथली,” हे म्हणाले. “जाऊ की तिलाही. आलोच आहोत तर.”

किल्ला खरंच बघण्यासारखा होता, हे आज म्हणते. त्या दिवशी मी दगडांकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघत होते. समुद्राच्या माराने चिरे मधाच्या पोळ्यासारखे पोखरले होते आणि मधला चुना मात्र शाबूत होता. दर्यादरवाजातून आत शिरलं की गार अंधार, वर वटवाघळांचा वास. पुढे उन्हात लोळलेल्या तोफा. एका तोफेच्या तोंडात खेकडा शिरून बसला होता. सायली त्याला “बूव, बूव” करत राहिली. हे आमच्यापुढे चालत सगळं समजावून सांगत होते: इथे दारूखाना, इथे धान्याचं कोठार, हा बुरूज कोणी ढासळवला. लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो तेव्हा हाच माणूस खोलीत पेपर वाचत पडला होता. घाम पुसत पुसत एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“चल, त्या टोकाला समुद्र खडकातून वर उडतो. हुंकार म्हणतात त्याला. बघून येऊ,” हे म्हणाले. “सायलीला ठेव ताईपाशी. ऊन आहे.”

“मग मीही नाही येत. मलाही ऊन लागतं.”

“अगं, मुद्दाम आलोय आपण.”

“तुम्ही मुद्दाम आलात. मी आणली गेलेय,” मी हसत म्हटलं. ते हसले नाहीत. एकटेच हुंकार बघायला गेले. आम्ही दोघी गोरखचिंचेखाली बसलो. ते झाड दहा माणसांच्या कवेत येणार नाही एवढं अवाढव्य. वन्संनी पिशवीतून डबा काढला. मऊ दहीभात, त्यावर साय. बारीक वाटी-चमचा, नवा कोरा. चमच्याच्या दांड्यावर ससा होता. सायलीनं ससा पाहिला आणि फितुरासारखी त्यांच्या मांडीवर जाऊन बसली.

“रात्री उठते का गं?” भरवता भरवता वन्संनी विचारलं.

“एकदा.”

“दूध घेते की नुसतं थोपटलं की झोपते?”

“थोपटलं की.”

“कुशीवर की पाठीवर?”

“कुशीवर.” मी उत्तरं देत गेले. बाईबाईंत होतात त्या गप्पा.

“आणि पडसं झालं की?”

“ओव्याची पुरचुंडी शेकते.”

“अंगावर पित्त उठतं म्हणत होती आई. तेव्हा काय लावतेस?”

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हे प्रश्न गप्पांचे नव्हते. ऑफिसात बदलीवर आलेला माणूस जुन्या माणसाला विचारून घेतो, तसे एकापाठोपाठ एक ओळीनं येत होते. वन्सं चमचा हवेत धरून वाट बघत होत्या. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा.

“उठतंच कुठे हल्ली,” मी म्हटलं आणि सायलीला उचललं. तिनं भोकाड पसरलं. “हिला पाणी पाजून आणते.”

“आहे की पाणी इथे.”

“गोडं पाणी म्हणतात ना विहिरीचं? तेच पाजते.”

चारी बाजूंना खारं पाणी आणि मधोमध ही गोड विहीर, हेही बेटावरचं बघण्याचं ठिकाण. काठावर एक बाई हंडा भरत होती. तिनं सायलीच्या तोंडाला ओंजळ लावली, मग माझ्याकडे पाहिलं.

“देवीकडं आणलंव काय पोरीला?”

“किल्ला बघायला आलोय.”

“काय गो, पोर काखेत, ती पणजीवाली बरोबर, नि किल्ला बघतेस?” ती खळखळून हसली. “मागल्या अवसेला येऊन गुरवणीला इचारून गेली ना ती. दिवस ठरवून गेली.”

विहिरीवरचा दोर मी धरला होता. तो सोडला नाही, एवढंच मला आठवतं.

“तू कोण? आई की मावशी?”

“आई.”

तिचं हसू गेलं. तिनं हंडा खाली ठेवला. “मग रडत का नाहीस?”

“का रडू?”

“आया रडतात. हितंच, ह्या विहिरीवर रडून घेतात. वर पायरीवर रडायचं नसतं.” माझ्याकडे बघता बघता तिला काय ते उमगलं असावं. आवाज उतरवून म्हणाली, “तुला म्हायत नाय काय?”

“सांगा मला. सगळं सांगा.”

तिनं इकडेतिकडे पाहिलं. “जिला पोर नाय, तिला नात्यातली बाई आपलं पोर देते. आई आपल्या हातानं पोराला कोटजाईच्या पायरीवर ठेवते. गुरवीण उचलते नि दुसरीच्या ओटीत घालते. झालं. मग ही मावशी नि ती आई. परत मागायचं नाय. दर्याच्या पलीकडं नेऊन कोणी शब्द मोडल्याचं मी तरी आयकलं नाय.”

“आणि आईनं ठेवलंच नाही तर?”

“मग कोण ठेवणार? दुसऱ्याच्या हातचं चालत नाय.”

म्हणून मला आणलं होतं. माझे हात हवे होते त्यांना. घाटावरची पोर, हिला काय कळतंय. लेकराला देवीच्या पायावर घाल म्हटलं की घालेल, वर नमस्कारही करेल. आणि चार परक्या माणसांत, देवीच्या दारात, तोंड उघडायची नाही. पुढचं पुढे.

पळून जायचं म्हटलं तरी कुठे? पाणी ओसरलं होतं, होडी खडपात तिरकी टेकली होती. भरती आल्याशिवाय ती हलणार नव्हती. सायलीला खांद्यावर टाकून मी तटाच्या सावलीत उभी राहिले. ती माझ्या मंगळसूत्राशी खेळत झोपून गेली. मला रडू आलं नाही. आला तो राग, आणि तो सगळा एकाच माणसावर गेला: वन्संवर. आदल्या अमावास्येला समुद्र ओलांडून, दिवस ठरवून गेलेली बाई! सशाचा चमचा आणणारी! कुशीवर की पाठीवर विचारणारी!

“कुठे होतीस?” हे शोधत आले. “चल, देवळात वाट बघताहेत.”

“कोण वाट बघतंय?”

“अगं, गुरवीण. दर्शन घ्यायचं ना?”

“चला,” मी म्हटलं. त्यांना सुटल्यासारखं झालं, ते त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

कोटजाईचं देऊळ तटाला लागूनच, कौलारू, ठेंगणं. आत पाषाणाची मूर्ती, शेंदूर आणि चांदीचे डोळे. गाभाऱ्यापुढे एकच रुंद दगडी पायरी, मध्ये झिजून खोलगट झालेली. ती खळगी कशानं झाली असेल हा विचार मनात आला आणि मी पायरीपासून हातभर लांबच उभी राहिले. पायरीच्या उजव्या हाताला वन्सं पाटावर बसल्या होत्या. मांडीवर पदर पसरलेला, त्यात तांदूळ, हळकुंड, सुपारी. शेजारी म्हातारी गुरवीण. वन्संनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

“सायलीला ठेव पायरीवर,” हे म्हणाले. “नमस्कार कर. इथे आलेली सगळी लेकरं ठेवतात.”

सायली नुकती जागी झाली होती, गुरवीणकाकूंच्या हातातल्या घंटेकडे बघत होती.

“काकू,” मी म्हटलं, “पायरीवर ठेवलं की काय होतं, ते मला मोठ्यानं सांगा.”

“हे काय विचारणं झालं?” हे म्हणाले. “देवीचा आशीर्वाद...”

“मी काकूंना विचारतेय.”

गुरवीणकाकूंनी घंटा खाली ठेवली. यांच्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही तर म्हणालात, आई राजी हाय.”

“आहे, राजी आहे. जरा घाबरलीय इतकंच.”

“मी राजी नाही,” मी म्हटलं. माझा आवाज त्या ठेंगण्या देवळात एवढा मोठा झाला की मीच दचकले. मग वन्संकडे वळले. तटाच्या सावलीत जुळवून ठेवलेलं सगळं बोलणार होते, अगदी जिव्हारी लागेल असं. पण त्यांचा चेहरा बघून पहिला शब्दच अडला. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. भावाकडे बघत होत्या.

“दिन्या,” त्या म्हणाल्या, “तू काय सांगितलंस मला?”

“ताई, नंतर बोलू.”

“काय सांगितलंस? मंजिरी आपण होऊन म्हणाली, असं म्हणालास. तिनंच धाकटी द्यायची ठरवली, फक्त तिच्यासमोर विषय काढू नकोस, तिला रडू येतं, असं म्हणालास. मी तिच्याकडे नीट बघितलं नाही रे सकाळपासून. म्हटलं, एवढं मोठं मन करतेय, आपण तिला त्रास नको द्यायला.”

“तिला नंतर पटलंच असतं. घरातल्या घरात तर आहे सगळं. आई म्हणाली...”

“आईनं मला म्हटलं, मंजिरीचाच आग्रह आहे.”

बाहेर हुंकारातून पाणी उडाल्याचा आवाज आला.

“वन्सं, तुम्ही अमावास्येला इथे येऊन गेलात,” मी म्हटलं. राग अजून पुरता उतरला नव्हता.

“आले होते. काकूंना विचारायला, की आईला नंतर भेटता येतं ना लेकराला. कायमचं तोडत नाहीत ना.” आणि गुरवीणकाकूंकडे वळून, “विचारलं होतं ना मी?”

“तेच इचारलंन तिनं,” काकू म्हणाल्या.

वन्संनी पदराची टोकं गोळा केली आणि उठायला लागल्या.

“बस,” काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “मांडलेली ओटी रिकामी उठवायची नाय.”

मी सायलीला घेऊन एक पाऊल मागे सरले. आता आणखी कसला डाव? काकूंच्या ते ध्यानात आलं असावं. त्यांनी पिशवीतला नारळ काढून माझ्यापुढे धरला. “पोर खाली ठेवू नको. कडेवरच ऱ्हाऊ दे. एका हातानं घाल.”

मी सायलीला डाव्या कडेवर पक्की केली आणि उजव्या हातानं नारळ वन्संच्या ओटीत घातला. वाकले तशी सायलीही वाकली आणि तिनं ओटीतले मूठभर तांदूळ उचलून देवीच्या अंगावर भिरकावले. काकूंना हसू फुटलं. वन्सं हसल्या नाहीत. नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसून राहिल्या, बराच वेळ.

भरती आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. जाताना होडीत जे जिथे बसले होते तिथे आता कोणी बसलं नाही. हे पुढच्या टोकाला तांडेलाजवळ, आमच्याकडे पाठ करून. त्यांच्याशी मी पुढे संसार केला, चांगला केला असंच लोक म्हणतील. पण ते कोणालाही “हिला विचारलंय, ही हो म्हणालीय” म्हणताना ऐकलं की मी हातातलं काम टाकून बाहेर येते, अजूनही. सासूबाईंनी त्या दिवसाचा विषय मरेपर्यंत काढला नाही. मी उंबऱ्याबाहेर थबकून ऐकायची सवय मात्र सोडली नाही.

वन्सं माझ्याच फळीवर बसल्या होत्या, मध्ये वीतभर जागा सोडून. नारळ मांडीवर. सायली पेंगत होती. तिचा एक पाय माझ्या मांडीवरून घसरून त्यांच्या बाजूला लोंबत होता, लाटेबरोबर त्यांच्या पदराला लागत होता. त्यांनी तो धरला नाही. हात नारळावरच ठेवले. ते मी बघत होते. एवढं सगळं झाल्यावरही मी नजर ठेवूनच होते.

अर्धा समुद्र मागे पडल्यावर मी म्हटलं, “वन्सं, अंगावर पित्त उठलं ना हिच्या, की आमसुलाचं पाणी चोळते मी.”

त्यांनी वळून पाहिलं. डोळे सुजले होते, पण ओठांचा कोपरा हलला. “ते मला ठाऊक आहे गं. आमसुलं सांगलीला पिकतात की आमच्याकडे?”

“मग विचारलंत कशाला?”

त्यांनी मांडीवरचा नारळ सावरला. “असलं काही कोणाला विचारायची पाळीच आली नव्हती कधी.”

बंदर आलं. गुडघाभर पाण्यात तांडेलानं आधी उडी घेतली आणि हात पुढे केले. “पोर इकडं द्या नि मग उतरा.”

मी सायलीला त्याच्याकडे दिली नाही. वन्संच्या मांडीवर दिली आणि मी पाण्यात उतरले. लाट आली, होडी हातभर मागे सरली. क्षणभर पुन्हा त्या दोघी होडीत आणि मी पाण्यात. मी दोन्ही हात वर करून उभी होते.

वन्संनी नारळ फळीवर ठेवला, वाकून सायलीला माझ्या हातांत सोडलं आणि मी तिला नीट धरल्याची खात्री होईपर्यंत आपले हात तिच्याखालून काढले नाहीत. मग नारळ उचलून पदरात घेतला. यांनी पाण्यात उतरून आधाराला हात पुढे केला होता. तो त्यांना दिसला नाही असं नाही. होडीची कड धरून त्या एकट्याच पाण्यात उतरल्या.